दहा बाय चौदा

दोन काड्यापेट्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात, एवढीच लांब.
ओढली की उघडते, ढकलली की मिटते,
आणि तेवढ्या ओढण्या-ढकलण्यात
फिल्म पुढे सरकते, शटर ताणलं जातं.
बाबांना हे फार आवडायचं.
धोट्यासारखं आहे, म्हणायचे,
जाऊन परत आला की काम पुरं.

ओगावा नावाचा माणूस जपानहून
हजिऱ्याच्या गिरणीत माग बसवायला आला होता,
चार महिने. सगळे त्याला ओघाबाबू म्हणत.
मुरैन्याची गजक चावताना त्याच्या दाढेतली चांदी निघाली,
तेव्हा बाबांनी सायकलवर डबलसीट
लष्करच्या डॉक्टरकडे नेला, परत आणला.
जाताना त्याने खिशातून हा कॅमेरा काढला
आणि बाबांच्या तळहातावर ठेवला.
दोघांची भाषा एकच होती:
अकराचा पाना.

सोबतची तीन रिळं संपली.
ग्वाल्हेरात कोण ठेवणार सोळा मिलिमीटर?
मग बाबांनी सागवानी पट्टीत दोन ब्लेडं रोवली,
मोतीराम फोटोवाल्याकडून मोठी फिल्म आणली
आणि पौषातल्या रात्री रजईत शिरून
अंधारात, चाचपत, ती उभी चिरली.
बाहेरून आईचा आवाज,
"रजई फाटली तर तुम्हीच शिवा."
फाटली. त्यांनीच शिवली.
ती अजून आहे, टाके मोजून घ्यावेत असे.

शटरचे वेग तीन: पंचवीस, पन्नास, दोनशे.
बाबा कायम पन्नासवर.
निगेटिव्ह धुऊन आल्या त्या नखाएवढ्या.
मोतीराम म्हणाला, "बड़ी करूँगा तो
नाक आएगी, आदमी नहीं आएगा."
म्हणून आमच्या घरी फोटो कधी नव्हतेच.
निगेटिव्ह होत्या, होमिओपॅथीच्या खोक्यात,
आणि त्या बघायला
गिरणीतलं सूत मोजायचं पितळी भिंग.

इंचात किती ताणा, किती बाणा,
ते ज्यातून बघायचं
त्यातूनच आम्ही जत्रा बघितली:
काळ्या आभाळात आकाशपाळणा,
छोट्या गाडीचं पांढरं इंजिन, त्याची काळी वाफ.
मी, पांढऱ्या वेण्या, दात काळे.
आणि आई, डोकं सगळं पिकलेलं.
ती एकदाच भिंगाला डोळा लावून म्हणाली,
"म्हातारपण आत्ताच काढून ठेवलंत?
बरं झालं. नंतर घाई नको."

त्या वयाला ती पोचली नाही.

गिरणी बंद झाली त्या वर्षी
बाबा दारात खुर्ची टाकून बसत
आणि कॅमेरा ओढत, ढकलत.
ओढत, ढकलत.
आम्ही म्हणायचो, आत फिल्म नाहीये.
ते म्हणायचे, माहीत आहे.

परवा पुतण्या इंदूरहून मशीन घेऊन आला.
त्याने आईला भिंतीएवढी केली,
केस काळे, दात पांढरे, सगळं जिथल्या तिथे.
मोतीराम खरं बोलला होता.
चार पावलं पुढे गेले तर तिचे दाणे झाले,
आणखी दोन पावलांवर नुसती बाजरी,
गालाची कुठली, भिंतीची कुठली, कळेना.
मी म्हटलं, छान आलाय. त्याला चहा दिला,
वर दोन गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या.

बाबा सांगायचे, त्या फोटोत
तिच्या पदराचे धागे मोजता येतात.
थापच असणार.
दहा बाय चौदा मिलिमीटरात
आई, खिडकी, पितळी पिंप, बाहेरचं कडुनिंबाचं झाड,
आणि वर धागे?

तरी तो गेल्यावर भिंग पुसलं,
निगेटिव्ह बल्बासमोर धरली
आणि पदराच्या काठापासून सुरुवात केली.
सतराला डोळ्यात पाणी आलं,
बारीक बघितल्यानं येतं तसं.
पुन्हा काठापासून.